रात्री दोनचा डबा

प्रश्न : चाकणला कारखान्यात आहे. दर तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी येते. डब्यात भाजी-भाकरीच असते, गोडाची सवय नाही. तरी नाईट करून सकाळी सातला तपासलेली उपाशीपोटीची साखर ११८ आली. दिवसपाळीत ती ९६ होती. असं का?

उत्तर : डबा किती वाजता खाल्लात? रात्री दोनला खाल्ला असेल, तर रक्त देईपर्यंत पाचच तास झाले. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास, आणि मधला साखरेचा चहाही नको. त्यामुळे हा आकडा उपाशीपोटीचा धरता येत नाही.

पण तेवढ्यावर सोडून देऊ नका. रात्री मेलाटोनिन हे झोपेशी जोडलेलं संप्रेरक वाढतं आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं. दुपारी सहज पचणारी भाकरी रात्री दोनला रक्तातली साखर जास्त चढवते. बोस्टनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये १० जणांची झोप-जेवणाची वेळ शरीराच्या घड्याळाच्या उलट नेली. इन्सुलिन २२ टक्के वाढलं, तरीही साखर ६ टक्के चढलीच. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १७ टक्के उतरलं. पुरेशी नोंद मिळालेल्या आठपैकी तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर गेली, तीही काही दिवसांत. ही माणसं आजारी नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रात्रपाळीवाल्याला ‘खाण्यावर ताबा ठेव’ एवढंच सांगणं अन्यायाचं आहे.

त्याच शहरातल्या २०२१ च्या प्रयोगात रात्री जागून फक्त दिवसाच जेवणाऱ्यांची साखर वाढली नाही. मशीनवर उभ्या माणसाला रात्रभर उपाशी राहा म्हणणं सोपं नाही, हे मान्य. पण मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी घरी करा. दोनला मूठभर फुटाणे, ताक, एवढंच. चहा बिनसाखरेचा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ हलवू नका.

आता पुन्हा तपासाल तेव्हा दिवसपाळीच्या आठवड्यात, रात्रीची झोप झाल्यावर तपासा. सोबत एचबीएवनसी करून घ्या. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, रक्त कधी दिलं याने फरक पडत नाही. कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या तपासणीचं मात्र तसं नाही. ते पहाटे चढतं, मध्यरात्री तळाला जातं, आणि सकाळच्या तपासणीची मर्यादा रात्री झोपणाऱ्यांवरून ठरलेली असते. ती तपासणी सांगितली, तर ‘मी नाईट करून आलोय’ हे डॉक्टरांना आधी सांगा.