फॉर्ममध्ये पासवर्डचा रकाना
लॉगिन फॉर्म शिकवताना रकान्याचा टाइप 'टेक्स्ट'ऐवजी 'पासवर्ड' केला, की अक्षरांच्या जागी ठिपके दिसतात. मुलं लगेच म्हणतात, "झालं सुरक्षित!" पण थांबा. ठिपके फक्त शेजाऱ्याच्या नजरेपासून वाचवतात. फॉर्मची मेथड लिहायची राहिली, तर ब्राउझर 'गेट' धरतो आणि तोच पासवर्ड वर पत्त्याच्या पट्टीत उघडा पडतो. म्हणून मेथड 'पोस्ट' लिहा. वाटेत कुणी वाचू नये म्हणून पत्ता 'एचटीटीपीएस'चा हवा. सर्व्हरवरही पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा हॅश साठवावा.

एवढं करूनही तळ्यातल्या मुलानं 'तळगड१२३' ठेवला, तर ओळखायला कितीसा वेळ? पालकांनो, घरी विचारा: पासवर्ड नको, तो ओळखीच्या माणसाला सुचेल का, एवढंच!