दुःखाची कविता ‘आवडली’ कशी म्हणायची?

प्रश्न : दहावीला कवितेवर ‘आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण लिहा’ असा प्रश्न असतो. कवितेत कुणाचा मृत्यू असेल, तर ती आवडली असं कसं लिहायचं? आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील नुकतेच गेले. कविता सुरू असताना आम्ही सगळे खाली मान घालून बसलो होतो.
– एक विद्यार्थिनी, मोशी

उत्तर : तुझ्या मोशीहून आळंदी जवळच. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी तिथे समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. गाथेतलं ‘समाधी’ प्रकरण मिळालं तर जरूर वाच.

निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले भाऊ आणि गुरूही. समाधी ज्ञानदेवांनी स्वतःच्या इच्छेने घेतलेली. तरी या अभंगांत गुरूच कोसळतात. आईवडील सोडून गेले तेव्हाही इतकं कठीण गेलं नव्हतं, म्हणतात. मग काठ फुटून सैरावैरा धावणारं तळं येतं आणि त्यामागोमाग सुटलेली गवताची पेंढी. इथे जरा थांब. पेंढी सुटली की काड्या नाहीशा होत नाहीत, पण त्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही आणि त्या रानोमाळ पांगतात. घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचं काय होतं, ते या एका चित्रात आलं. ‘फार दुःख झालं’ एवढंच कवी म्हणाला असता, तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो. रसग्रहणात हे लिही. नुसतं ‘करुण रस आहे’ म्हणून सुटू नकोस.

आता तुझ्या वर्गमित्राचं. कविता गाळू नये, असं माझं ठाम मत आहे. पण ‘तुला काय वाटलं?’ असं त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारणं क्रूरपणाचं. शिक्षकांनी पेंढीबद्दल विचारावं. बोलायचं की गप्प राहायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कितीतरी मुलांचे आजी-आजोबा, काका दूर गावी आणि आई किंवा वडील कंपनीत पाळीवर. दुःखाच्या दिवसांत त्यांच्याशी बोलायला घरी कुणी नसतं. अशा मुलासाठी मराठीचा एक तास फार मोलाचा असतो.

आणि प्रश्नात ‘न आवडण्याचे कारण’ही आहेच. ‘ही कविता मला आत्ता वाचवत नाही’ असं लिहून कुठल्या ओळीपाशी अडलो ते त्याने सांगितलं, तर त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत.