बारावीनंतर पाण्याच्या क्षेत्रात तीन वाटा

निकाल लागला की जळगाव जिल्ह्यातल्या सावदा, फैजपूर, रावेर, यावलच्या घराघरांत एकच चर्चा असते : इंजिनिअरिंग की मेडिकल? ज्या केळीवर मुलांच्या फिया भरल्या जातात, तिचं पाणी मात्र खोल चाललं आहे. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी नोंदले गेले आहेत. पाणी जाणणाऱ्या माणसांची गरज आपल्याच दारात आहे.

संशोधन : सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा बझाडा पट्टा आहे. तिथे पाणी झपाट्याने मुरतं. तापीचं पाणी या पट्ट्यात जिरवण्याच्या तापी महापुनर्भरण योजनेची कल्पना त्यावरच आधारलेली आहे. भूगर्भाचा अभ्यास काय करू शकतो, हे शेजारच्या धुळे जिल्ह्यात दिसतं. राज्याच्या भूजल यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून, बंधारे बांधून पाणी जिरवलं. या वाटेसाठी बारावी विज्ञान, मग भूशास्त्रात बीएस्सी आणि एमएस्सी करावी. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा असते. केंद्रीय भूजल मंडळातल्या शास्त्रज्ञांची निवड यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून होते. नद्या-तलावांतल्या जीवसृष्टीची आवड असेल, तर प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घ्यावं. जळगावच्या विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळा आहे.

धोरण : कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेतून इकडे येता येतं. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींवर बंधनं घातली. ६० मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. आपल्या शेतातला बोअर किती फूट आहे, हे वडिलांना विचारा. कायदा आणि शेत यांच्यातलं हे अंतर समजून घेऊन शेतकऱ्याला परवडेल असा नियम सुचवणं, हे धोरण अभ्यासकाचं काम. अर्थशास्त्र, कायदा किंवा लोकप्रशासन शिकलेल्यांना शासकीय प्रकल्पांत आणि स्वयंसेवी संस्थांत ते करता येतं.

हरित खरेदी : वाणिज्य शाखेच्या मुलांनी ही वाट जरूर पाहावी. माल घेताना किंमत आणि दर्जासोबत पाणी, वीज, रसायनं किती लागली हेही तपासायचं, ही हरित खरेदी. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानुसार आघाडीच्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांच्या वार्षिक अहवालात, कच्च्या मालापैकी किती टक्के शाश्वत मार्गाने घेतला, हा प्रश्न असतो. त्याचं उत्तर तयार करायला हिशेब आणि पर्यावरण दोन्ही कळणारी माणसं लागतात. निर्यातीच्या केळीलाही परदेशी खरेदीदार चांगल्या शेती पद्धतींचं ‘ग्लोबल गॅप’ प्रमाणपत्र मागतात. बीकॉमनंतर पुरवठा साखळी व्यवस्थापन शिकावं, जोडीला पर्यावरण लेखापरीक्षणाचा अभ्यासक्रम करावा.

पालकांनो, तुमची काळजी रास्त आहे. सरकारी जागा मोजक्या असतात आणि भरती लांबते. म्हणून एकाच परीक्षेवर सगळी वर्षं लावू नका. नकाशे बनवणारी जीआयएस प्रणाली, पाणी तपासणी, आकडेवारीचं विश्लेषण यांपैकी एक कौशल्य पदवीबरोबरच शिकू द्या. खासगी नोकरीत तेच उपयोगी पडतं.

आणि विद्यार्थ्यांनो, प्रवेशाची वाट न पाहता सुरुवात करा. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. त्याच महिन्यांत आपल्या विहिरीत टेप सोडा, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर तारखेसह वहीत लिहा. हे काम मनापासून आवडलं, तर या क्षेत्रात निर्धास्तपणे या.