संमिश्र लाकडी फलक : सामर्थ्य आणि स्थिरता

बांधकामासाठी लाकूड निवडताना सामर्थ्य आणि स्थिरता हे दोन गुण स्वतंत्रपणे तपासावे लागतात. भार पेलण्याची क्षमता म्हणजे सामर्थ्य. आर्द्रता बदलली तरी आकारमान राखण्याची क्षमता म्हणजे स्थिरता. भरीव लाकूड बळकट असूनही पूर्णतः स्थिर नसते. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, ते याचमुळे.

स्थिरतेचे कारण

लाकडातील आर्द्रता सुमारे ३० टक्क्यांखाली गेली, की ते आकुंचन पावू लागते. तंतूंच्या दिशेने हे आकुंचन अत्यल्प, तर आडव्या दिशेने कितीतरी पट अधिक असते. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांशी काटकोनात चिकटवलेले असतात. त्यामुळे एका थराची आडवी हालचाल शेजारच्या थराचे तंतू रोखून धरतात. थरांची संख्या सहसा विषम ठेवल्याने दोन्ही बाजूंचे ताण समतोल राहतात आणि फलक वाकत नाही. सामर्थ्यही लांबी व रुंदी या दोन्ही दिशांना विभागले जाते.

चिकटद्रव्य आणि दर्जा

युरिया फॉर्माल्डिहाइड राळ कोरड्या, अंतर्गत वापरासाठी पुरेशी असते; ओलाव्याच्या जागी फिनॉल फॉर्माल्डिहाइड राळ आवश्यक ठरते. सर्वसाधारण प्लायवुडसाठी आयएस ३०३, मरीन प्लायवुडसाठी आयएस ७१० आणि काँक्रीटच्या साच्यांसाठी आयएस ४९९० ही भारतीय मानके आहेत. लाकडाच्या कणांपासून केलेला पार्टिकल बोर्ड स्वस्त असला, तरी पाण्याने फुगतो आणि दीर्घकाळच्या भाराखाली हळूहळू झुकतो. म्हणून भारवाहक भागांत सामान्य पार्टिकल बोर्ड वापरू नये.

वनधोरणाशी संबंध

१९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने लाकडाच्या पर्यायांना प्रोत्साहन दिले. गोदावर्मन खटल्यातील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कठोर निर्बंध घातले. त्यानंतर शेतातील पॉप्लर व निलगिरी आणि मळ्यांतील रबरवुड यांचे महत्त्व वाढले. हरियाणातील यमुनानगर हे पॉप्लरवर आधारित प्लायवुड उद्योगाचे मोठे केंद्र बनले. बंगळुरू येथील भारतीय प्लायवुड उद्योग संशोधन व प्रशिक्षण संस्थेने बांबूच्या चटयांपासून फलक विकसित केले. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. परिणामी वनक्षेत्राबाहेरील बांबूची तोड व वाहतूक सुलभ झाली.

जलद वाढणाऱ्या झाडांचे लाकूड तुलनेने हलके व कमी टिकाऊ असते. योग्य रचना, चिकटद्रव्य आणि परिरक्षण प्रक्रिया यांमुळेच ते बांधकामास योग्य ठरते. निकृष्ट फलक लवकर सुटले, तर ग्राहक पुन्हा जंगलातील लाकडाकडे वळेल. म्हणूनच मानकांचे पालन हा ग्राहकहिताइतकाच वनसंरक्षणाचाही प्रश्न आहे.