रुंद रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता?

प्रश्न : आमच्या नऊ मीटरच्या रस्त्यावर पदपथ वाढवणार आहेत. त्याने कोंडी, अपघात वाढणार नाहीत का? – एक वाचक, पुणे

उत्तर : काळजी रास्त आहे, पण रुंद रस्ता सुरक्षितच असतो हा समज चुकीचा. मोकळा रस्ता दिसला की वेग वाढतो, आणि ताशी 50 किलोमीटरची धडक 30च्या धडकेपेक्षा पादचाऱ्याला कितीतरी अधिक जीवघेणी ठरते. इंडियन रोड्स काँग्रेस पदपथावर किमान 1.8 मीटर अडथळामुक्त जागा सुचवते. ती दोन्ही बाजूंना सोडली तरी 5.4 मीटर उरतात. समोरासमोरच्या दोन मोटारी सावकाश निघतात, अग्निशमन बंबही जातो. मात्र कडेला गाड्या लावल्या तर हे गणित कोलमडते. म्हणून पार्किंगचा निर्णय आधी करून घ्या. काम सुरू होण्यापूर्वीच क्षेत्रीय कार्यालयात आराखडा पाहा. डीपी बॉक्स, पावसाळी गटारे, सोसायटीच्या फाटकापुढचे उतार तपासा आणि हरकती लेखीच द्या.