वादकाकडे वळून

पालकहो, आधी माझाच एक गुन्हा कबूल करते.

डब्लिनपासून तासाभरावरच्या एका गावात, शाळेच्या हॉलमध्ये फेश होती. फेश म्हणजे आयरिश नाचाची स्पर्धा. सकाळी सातला घर सोडलेलं. संध्याकाळी गाडीत बसलो तेव्हा बाहेर पाऊस (इथे तो असतोच), आणि मागच्या सीटवर मी लेकीच्या डोक्यावरचा कुरळ्या केसांचा टोप सोडवत होते. नाचताना तो हलू नये म्हणून मूठभर पिना खोचाव्या लागतात. पांढरे मोजे घसरू नयेत म्हणून पोटऱ्यांना चक्क गोंद लावतात. ते मोजे सोलताना ती ‘आई गं’ म्हणाली आणि त्या निमित्तानं दिवसभर अडवून धरलेलं रडू सुटलं. पहिल्या दहांत नाव आलं नव्हतं.

मी दमलेली. तोंडातून निघून गेलं, ‘‘रडायला काय झालं? या ड्रेसच्या पैशांत पुण्याला एकदा जाऊन आलो असतो. जरा कदर ठेवावी माणसानं.’’

रडू थांबलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘‘सॉरी आई. तुमचे पैसे वाया गेले ना?’’

अकरा वर्षांची आहे ती. हातातल्या पिना मी उगाचच मोजत बसले.

मला तिला कृतज्ञता शिकवायची होती, आणि मी तिच्या हातात बिल ठेवलं. आपल्याकडे हे फार सहज होतं. ‘तुमच्यासाठी आम्ही काय काय खस्ता खाल्ल्या’ हे ऐकतच आपण वाढलो. आपल्याकडे उपकार ‘फेडायचे’ असतात, त्यांचं ‘ओझं’ असतं. सगळी कर्जाची भाषा. आणि ज्या नाचात सगळा जीव उडीत आहे, त्या नाचणाऱ्या पोरीच्या पाठीवर हे गाठोडं ठेवून म्हणायचं, मार आता उंच उडी!

शिवाय या नाचातला निकाल तसाही निर्दय असतो. मोठ्या स्पर्धांत परीक्षक गुण देतात, पण बेरीज त्या गुणांची होत नाही. प्रत्येक परीक्षकाच्या यादीत तुमचा नंबर कितवा, त्याला ठरलेले गुण मिळतात. पहिलीला १००, दुसरीला ७५, तिसरीला ६५. दोघींच्या नाचात केसाएवढा फरक असला तरी कागदावर २५ गुणांची दरी पडते. अशा दिवशी ‘मिळालं त्यात समाधान मान’ हे ऐकवणं म्हणजे मुलीच्या तोंडात बोळा कोंबणं. रडू द्यावं. रडून झालं की भूक लागते, मग व्हिनेगर मारलेल्या गरम चिप्स. आभाराबिभाराचं त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. पैसे आम्ही आमच्या हौसेनं घातले, त्याचं खातं तुझ्या नावावर नाही, असं सांगितलं. तिनं मान डोलावली, पण पटलं की नाही कोण जाणे.

वाट सापडली ती तिच्या नाचातच. आयरिश नाच संपला की नाचणारी आधी परीक्षकांना वाकून नमस्कार करते, मग वळून वादकाला. हा दुसरा नमस्कार लहान मुली नुसता उरकतात, कारण डोळे प्रेक्षकांत आईला शोधत असतात. माझी लेकही तेच करायची आणि मी लगेच अंगठा वर करून दाखवायचे. म्हणजे त्या वादकाच्या वाटणीचा नमस्कार मीच पळवत होते की!

लहानपणी पुण्यात मी चार वर्षं कथक शिकले. तबलजी काकांकडे कान नसेल तर समेवर येता येत नाही, हे तेव्हा पायांना कळलं होतं. तरी इथे अकॉर्डियन किंवा कीबोर्ड घेऊन कडेला बसलेला माणूस मला कधी दिसला नाही. वरच्या गटात रील या नाचप्रकाराचा वेग मिनिटाला ११३ ठोके. तो चढला तर पोरगी धापा टाकेल, उतरला तर उडी हवेत लटकेल. दोघी-तिघी येतात, नाचून जातात, पुढच्या येतात. हा दिवसभर तोच वेग तोलून धरतो. आणि संगीतामागचा माणूस न दिसणारी मी एकटीच नाही. रिव्हरडान्स या आयरिश नाचाच्या कार्यक्रमाचंच घ्या. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनमध्ये, युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरात, सात मिनिटांत आयरिश नाच जगभर पोचला. मायकेल फ्लॅटली आणि जीन बटलर यांची नावं लोकांना पाठ असतात. संगीत बिल व्हेलन यांचं होतं, हे कितीजण सांगतील?

लेकीला मी एवढंच सांगितलं, की दुसरा नमस्कार करताना वादकाच्या हातांकडे बघ आणि काय दिसलं ते मला सांग. कृतज्ञतेची वही आम्ही आधी करून पाहिली होती. पहिल्या दिवशी ‘आई, बाबा, पिझ्झा’, दुसऱ्या दिवशी ‘वरीलप्रमाणे’. बघायला सांगितल्यावर मात्र गोष्टी येऊ लागल्या. एका आजोबांची करंगळी वाकडी आहे. एक बाई वाजवताना बूट काढून बसतात. मग नजर आणखी पसरली. नाचाच्या बाई माझ्या स्टेप्स माझ्यासाठी बांधतात, मग त्यांना कुणी शिकवलं? तिथून आम्ही अठराव्या शतकातल्या फिरत्या नृत्यशिक्षकांपर्यंत पोचलो. ते गावोगाव हिंडायचे, कुणाच्या तरी घरी उतरायचे आणि तिथल्या पोरांना नाच शिकवायचे.

आयरिश भाषेत आभार मानताना ‘गो रेव मा अगत’ म्हणतात. शाळेत आयरिश शिकावीच लागते, म्हणून अर्थ लेकीनंच सांगितला: तुझ्यापाशी चांगलं असो. मला माझी आजीच आठवली. भाजीवालीनं कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकल्या की ती म्हणायची, ‘भलं होवो गं बाई तुझं.’ आपल्या घरात कुणी ‘धन्यवाद’ म्हटलं तर थट्टा वाटते, पण हे शब्द कसे आपसूक येतात. आणि त्यात फेडण्याचा विषयच नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा फेश होती. रील संपला. लेक परीक्षकांपुढे वाकली, मग वळली, आणि वळून तशीच क्षणभर थांबली. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. मी अंगठा वर करून उभी.

गाडीत पिना काढताना म्हणाली, ‘‘आई, त्या आजोबांनी मला मान हलवून दाखवली. बघितलंस ना?’’

मी कुठली बघतेय! मी तिच्याकडेच बघत होते.