अंगावरून वारं गेलं तर सकाळची वाट बघू नका



मागच्या महिन्यात गटाची बैठक संपल्यावर एका मावशींनी त्यांच्या सासूबाईंची गोष्ट सांगितली. संध्याकाळी भाकरी थापताना सासूबाईंचा उजवा हात एकदम गळाला. तोंड वाकडं झालं, शब्द बोबडे येऊ लागले. घरच्यांनी तेल चोळलं, शेक दिला आणि "सकाळी बघू" म्हणून झोपवलं. सकाळी हात-पाय हलेनात. मावशी म्हणाल्या, "कुणी आधी सांगितलं असतं, तर रात्रीच निघालो असतो की."

म्हणून या महिन्याचा पाठ याच विषयावर.

हा आजार कशाचा?

आपण म्हणतो अंगावरून वारं गेलं. कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांगवायू. डॉक्टर पक्षाघात किंवा स्ट्रोक म्हणतात. नावात वारं असलं तरी वारा लागून हा आजार होत नाही. हात-पाय लुळे पडतात, पण बिघाड मेंदूत असतो.

ठिबकची नळी चोंदली की पुढची झाडं सुकतात, तसंच हे. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकते, नाहीतर नळी फुटते. रक्त न मिळालेला मेंदूचा भाग मिनिटामिनिटाला मरत जातो. म्हणून हात-पाय चोळून, कबुतराचं रक्त लावून किंवा दोरा बांधून काही होत नाही. फक्त वेळ जातो.

ओळखायचं कसं?

1. तोंड: हसायला सांगा. एक बाजू ओघळली का?
2. हात: दोन्ही हात वर धरायला सांगा. एक खाली येतो का?
3. बोलणं: नाव-गाव विचारा. बोबडं बोलतात का, की शब्दच सुचत नाही?

यातलं एक जरी अचानक दिसलं तरी निघायचं. अचानक दिसेनासं होणं, तोल जाणं, कधी झालं नाही असं डोकं दुखणं हीसुद्धा लक्षणं आहेत. दहा मिनिटांत सगळं बरं झालं तरी दवाखाना टाळू नका. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

लगेच काय करायचं?

- 108 ला फोन करा. "लकवा मारल्यासारखं दिसतंय" असं स्पष्ट सांगा.
- त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.
- कुशीवर झोपवा. पाणी, चहा, जेवण देऊ नका, घशात अडकतं.
- घरातली कुठलीही गोळी मनाने देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.
- आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतात.

गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते सगळ्यांना चालत नाही, डॉक्टर ठरवतात. पण वेळेत पोचलो तरच ते ठरवू शकतात. केमहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. दोन तास तर रस्त्यातच जातात. मग घरी चर्चा करायला किती वेळ उरला, तुम्हीच हिशोब करा.

टाळायचं कसं?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. कुंकवाच्या कारखान्यात आणि खुरपायला जाणाऱ्या ताई मला म्हणतात, "तपासायला गेलं तर रोज बुडतो." पण तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि सरकारी आरोग्य केंद्रात पैसे लागत नाहीत. दाब वारंवार 140/90 किंवा त्याच्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळी सुरू झाली की "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नका. गोळीमुळेच बरं असतं.

मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. त्यात चटणी, लोणचं, पापड सगळं आलं. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलो झालं. तुमच्याकडे किलोचा पुडा किती दिवस जातो?

मिश्री, तंबाखू, विडी सोडा. दात घासण्यापुरती मिश्री लावली तरी तंबाखू अंगात जातेच. साखर तपासून घ्या. घरात कुणी दारू पीत असेल तर त्यांनाही हा पाठ वाचून दाखवा.

पुढच्या बैठकीत हे करू या

1. आशाताईंना बोलवून तिशीच्या वरच्या सगळ्या सदस्यांचा रक्तदाब तपासून घेऊ.
2. गावात रात्री गाडी कोण काढतं, त्या दोन जणांचे नंबर इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावर लिहू.
3. अशा वेळी गाडीभाड्याला गटातून लगेच पैसे कसे द्यायचे, त्याचा ठराव करू.

आणि प्रत्येकीने तोंड, हात, बोलणं या तीन खुणा घरातल्या एका तरी माणसाला शिकवायच्या. कारण झटका आपल्यालाच आला, तर ओळखायचं त्यांनाच आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, केम